तिसऱ्या मजल्यावरची हाक

धुळीचं वादळ ओसरलं की इथे आखातात, आमच्या रिग्गईच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात आधी इस्माईल मुकादमांचा आवाज येतो. टीव्हीवरच्या बातम्या, खिडक्या उघडणं, गाडीवरची धूळ धुणं, हे सगळं नंतर. आधी जिन्यातून आरोळी उठते, "हाक आली! वरनं सांगा!" मग चारही मजल्यांनी आपापली दारं उघडायची आणि घरातली माणसं शाबूत आहेत, हे नावानिशी ओरडून सांगायचं. न सांगितलं तर मुकादमचाचा स्वतः दाराशी येतात. आले की बसतात, आणि बसले की गावाकडच्या तुफानांच्या गोष्टी सांगतात. त्यापेक्षा ओरडलेलं परवडतं.

आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, माझा नवरा मिलिंद अर्दियाला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. आम्ही मूळचे लातूरकडचे. आमच्याकडे पाऊस आला हीच मोठी बातमी असते, तेव्हा तुफान वगैरे आम्हाला काय ठाऊक. पहिल्याच आठवड्यात आभाळ शेंदरी झालं, समोरची मशीद दिसेनाशी झाली आणि मी दाराखाली ओले टॉवेल कोंबत बसले. दुपारनंतर जरा उजळलं, तोच ही आरोळी. मला वाटलं, आग लागली. एका हातात सई, दुसऱ्या हातात पासपोर्टची पिशवी, अशी मी जिन्यात धावले.

वरच्या मजल्यावरून कुणीतरी मल्याळी उच्चारात ओरडलं, "आन्सी हाय!" लगेच तिसऱ्या मजल्यावरून दणदणीत आवाज आला, "झुलेखा हाय!" मग कठड्यावरून एक पांढरी दाढी खाली वाकली.

"दुसरा मजला! गप का? कोण हाय घरात?"

"आम्ही जाधव," मी म्हणाले.

"आडनाव नको. माणसाचा नाव घे."

"मी सुनीता."

"तुझा नको गं बाय. तुझा आवाज आयकला ना मी, म्हणजे तू हायस. दुसऱ्याचा घे!"

मी घाबरून "सई आहे, मिलिंद ड्यूटीवर आहेत" असं काहीतरी सांगितलं. दाढी समाधानाने हलली आणि हाक खाली गेली. सई मला विचारत होती, "मम्मा, इज ही अ पोलीसमन?" 

त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच किडा शिरला. ही झुलेखा कोण? कारण दुसऱ्या दिवशी मी ओळख करून घ्यायला भाजी घेऊन वर गेले, तर तिथे हे एकटेच. एक खाट, एक शेगडी, एक कप. बाईमाणसाची कसलीच खूण नाही. आठवड्याभराने पुन्हा धूळ आली आणि पुन्हा तिसऱ्या मजल्यावरून "झुलेखा हाय!" मी मिलिंदला म्हटलं, या माणसाने आत कुणालातरी लपवून ठेवलंय. मिलिंद म्हणाला, लपवून ठेवलेल्या बाईचं नाव कुणी जिन्यात ओरडतं का? मुद्दा बरोबर होता, पण माझं समाधान झालं नाही. शेवटी मी चाचांनाच विचारलं.

"झुलेखा माझी घरातली," ते म्हणाले. "गावाला असते. रायगडच्या किनाऱ्याला, खाडीच्या तोंडावर गाव आमचा."

"पण चाचा, मग ती इथे कुठे आहे?"

चाचांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "हाक कुठे हाय ते विचारत नाय, बाय. हाय का नाय, येवढाच विचारते."

मी हसतच खाली आले.

आता चाचांचं बाकीचं सांगते, नाहीतर ते फक्त ओरडतात असा तुमचा समज होईल. ते ओरडतात त्यापेक्षा जास्त बांधतात. अर्दियाला एका कार्गोवाल्याच्या गोदामात ते पॅकिंग करतात. सुट्टीवर गावी जाणारी माणसं ब्लँकेटं, दूध पावडर, मिक्सर, खेळणी असं सगळं आणून टाकतात, आणि चाचा त्याची खोकी बांधतात. वडील तांडेल होते, समुद्रात मचवा चालवायचे, त्यामुळे गाठी जन्मापासून हातात. चाचांनी बांधलेलं खोकं विमानातून पडलं तरी उघडणार नाही. अडचण अशी की ते घरी पोचल्यावरही उघडत नाही. गेल्या वर्षी आम्ही पाठवलेलं खोकं माझ्या भावाने शेवटी उसाच्या कोयत्याने फोडलं. आतली कढईही थोडी चेपली. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "पण गाठ ऱ्हायली ना?"

घरातही तेच. त्यांची खाट खिडकीच्या गजाला बांधलेली. गॅसचं सिलिंडर बांधलेलं. दार उघडं असलं की ते आपटू नये म्हणून त्याला एक दोरी आणि बंद असलं की उघडू नये म्हणून दुसरी. गच्चीवर तर त्यांचं राज्य. पाण्याच्या टाक्या, सगळ्यांच्या डिश, कपड्यांचे दांडे, सगळं निळ्या नायलॉन दोरीने असं जखडलेलं की टाकी धुवायची म्हटली तरी सय्यदला आधी अर्धा दिवस गाठींशी झुंजावं लागतं. सय्यद आमचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार. इजिप्तचा आहे, मोठ्या पोटाचा आणि लहान रागाचा. गच्चीवरून त्याचा "ए दा, या मुकादम!", म्हणजे हे काय रे मुकादम, असा आक्रोश आला की आम्ही समजतो, आज टाकी धुवायचा दिवस. तो चाचांना "मजनून", म्हणजे वेडा, म्हणतो आणि रोज संध्याकाळी त्यांच्याच बरोबर चहा पितो.

इथल्या धुळीला मात्र चाचा वादळ मानायलाच तयार नाहीत. "हा काय वारा हाय? ही झाडलोट हाय," ते म्हणतात. "वाळवंटाचा कचरा शहरात आणि शहराचा वाळवंटात. तुफान म्हणजे समुद्र उभा राहिला पाहिजे." मग हाक कशाला देता, असं विचारलं तर उत्तर तयार, "हात-पाय चालते ऱ्हावेत म्हणून."

चाचांच्या गावात सन कुणाला माहीत नाही. तिथला काळ तुफानांनी मोजतात. आजोबांच्या वेळचा बोकडाचा तुफान: वारा सरल्यावर एक जिवंत बोकड फणसाच्या शेंड्यावर बसलेला सापडला, आणि तो खाली उतरायला तयार होईना. त्यानंतर पाळण्याचा तुफान. त्यात एक पाळणा पोरासकट उडून पेंढ्याच्या उडवीवर जाऊन टेकला. ते पोर म्हणजे मीच, असं चाचा सांगतात. त्यांच्या गावातली आणखी दोन-तीन माणसं इथे अब्बासियात राहतात. तीही चाचांच्याच वयाची, आणि तीही हेच सांगतात. त्या पाळण्यात एकंदर किती पोरं मावली असतील, याचा मी विचार सोडून दिला आहे.

त्यानंतर होडीचा तुफान. एक आख्खी होडी शाळेच्या मैदानात येऊन बसली, ती काढायला कुणी आलंच नाही, मग मास्तरांनी वर्षभर चौथीचा वर्ग होडीत घेतला. आणि शेवटचा पत्र्यांचा तुफान, कोरोनाच्या पहिल्या वर्षीचा. तो कुठला ते रायगडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

चाचांच्या सिव्हिल आयडीवर जन्मतारीख एक जून आहे. "ती मास्तरांची तारीख," ते म्हणतात, "शाळेत घालायचा तर सगळ्या पोरांना एकच देऊन टाकायचे." एकदा माझ्याच हॉस्पिटलमध्ये रक्त तपासायला आले होते. काउंटरवरच्या मुलीने वय विचारलं. चाचा हिंदीत म्हणाले, "पालने के तूफान से दो अमावस पहले." त्या बिचारीने माझ्याकडे पाहिलं. मी कार्डावरची तारीख वाचून दाखवली. चाचा जाताना मला म्हणाले, खोटा लिहिलात तुम्ही.

पण हाकेची गोष्ट त्यांनी मला सांगितली ती फार नंतर. सई आजारी होती आणि ते तिच्यासाठी नारळाचं पाणी घेऊन आले होते तेव्हा.

त्यांच्या गावात तुफान सरला की कुणी आधी घराबाहेर धावत नाही. तारा पडलेल्या असतात, माडाच्या झावळ्या लोंबत असतात, पत्रे सुटलेले असतात. मशिदीजवळच्या पहिल्या घरातून हाक निघते. ते घर आपल्या माणसांची नावं ओरडतं आणि हाक पुढच्या घराला देतं. अशी ती घरोघर फिरत खाडीपर्यंत, कोळीवाड्यापर्यंत जाते आणि दुसऱ्या आळीने परत येते. जिथे हाक तुटते, तिथे गाव धावतं. ओरडणाऱ्याने स्वतःचं नाव घ्यायचं नाही. आवाज आला म्हणजे तो आहेच. घरातल्या दुसऱ्याची ग्वाही द्यायची.

"आणि गंमत काय माहीत हाय?" चाचांचे डोळे बारीक झाले. "आमच्या बायका एरवी नवऱ्याचा नाव घेत नाय. मेल्या तरी नाय. पण हाकेत घ्यावाच लागतो. सगळ्या गावाला आयकू जाईल असा. घरावर छप्पर नसता आणि नवी नवरी लाजत उभी असते."

"आमच्याकडे उखाण्यात तरी घेतात," मी म्हटलं. "मग झुलेखाचाचींनी तुमचं नाव घेतलेलं ऐकलंत की नाही?"

त्यांनी नारळाचं पाणी सईच्या पेल्यात ओतलं.

"होडीच्या तुफानात घेतलान. शेजारी सांगत होते, असा कडक आवाज लावलान की पलीकडच्या वाडीतला कुत्रा भुंकला. मी तवा हयच. लगीन झाल्यावर जेवढे तुफान झाले, तेवढ्यांना मी हयच होतो."

"म्हणजे तुम्ही इथे, आणि त्या तिकडे सांगतात की इस्माईल हाय?"

"तर? हाक कुठे हाय ते विचारत नाय."

असं ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी मी हसले नाही. या दोघांना मूलबाळ नाही. ते दर दोन वर्षांनी दोन महिने गावी जातात. बाकी सगळा संसार त्यांनी फोनवर आणि तुफानांत केलेला.

यंदाच्या जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात, अरबी समुद्रात वादळ तयार झाल्याची बातमी आली. मराठी चॅनेलवर नकाशात पांढरा भोवरा फिरत होता आणि त्याचं टोक बरोबर रायगडच्या किनाऱ्याकडे. मी घाईने वर गेले. मला वाटलं होतं, चाचांना आता ऊत आला असेल, ते बोकडापासून सुरुवात करतील. ते खाटेवर बसून चाचींशी फोनवर बोलत होते, आणि बोलण्यात फक्त गाठी होत्या.

"वाशाला डबल फास घाल. नाय, तो नाय, मचव्याचा. हां. दाराला पण तोच. आणि पाय सांभाळ. शाळेत जा तू. घर ऱ्हाव दे. घराला मी बघतो." एवढं बोलून त्यांना स्वतःलाच ते कळलं असावं. इथून घराला ते काय बघणार होते?

चाची निवाऱ्यासाठी शाळेत जायला तयार नव्हत्या. घरात माणूस नसेल तर हाकेला उत्तर कोण देणार, असं त्यांचं म्हणणं. चाचांचंच शस्त्र त्यांच्यावर उलटलं होतं.

गुरुवारी दुपारी वादळ किनाऱ्याला लागलं. त्याआधीच फोन बंद झाला. अब्बासियातल्या गाववाल्यांनाही कुणाचा फोन लागेना. संध्याकाळी मी डाळ-भात घेऊन गेले तर चाचा खिडकीशी. ताट तसंच राहिलं.  ज्या माणसाने माझ्याशी तुफानाखेरीज दुसरा विषय काढला नव्हता, तो तुफानाचा शब्द काढत नव्हता, आणि मला कधी नव्हे ती त्यांच्या बडबडीची गरज वाटत होती.

शुक्रवारी सकाळी इथे धूळ आली. यायचीच होती, जूनचे दिवस. आभाळ तेच शेंदरी, फटीत तेच टॉवेल. सुट्टीचा वार असल्यामुळे सगळे घरी. दुपारच्या नमाजानंतर हळूहळू समोरची मशीद दिसू लागली, वारा पडला, आणि आम्ही वाट बघत बसलो. मी खोटं सांगणार नाही, मी दाराशी कान देऊन उभी होते. सईसुद्धा खोलीतून बाहेर आली. "व्हाय इजन्ट ही शाउटिंग?" तिने विचारलं.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी दार उघडलं तर वरच्या कठड्याशी जोसेफ आणि आन्सी उभे. आन्सीही माझ्यासारखीच हॉस्पिटलात, नर्स. दोघं चौथ्या मजल्यावर राहतात. खालून पहिल्या मजल्यावरच्या सीरियन आजी डोक्याला ओढणी गुंडाळत बाहेर आल्या. अगदी खाली सय्यद हातात झाडू घेऊन वर बघत होता. या हाकेच्या नावाने महिनोन्‌महिने कुरकुर करणारी सगळी बिल्डिंग आपापल्या दारात येऊन उभी होती आणि हाक देणाऱ्याचा पत्ता नव्हता.

शेवटी जोसेफनेच सुरुवात केली. घसा खाकरून तो ओरडला, "हाक आली! आन्सी हाय!"

हाक तिसऱ्या मजल्यावर आली. दार बंद. काहीच आवाज नाही.

हाक तुटली तिथे गाव धावतं, हे चाचांनीच आम्हाला शिकवलं होतं. आम्ही धावलो. जोसेफ वरून, मी खालून, सय्यद झाडूसकट. दाराची दोरी आतून बांधलेली नव्हती, ढकलल्यावर उघडलं. चाचा खाटेवर बसलेले. अंगाने ठीक. मांडीवर फोन. 

"चाचा, हाक आली," मी म्हटलं. "नाव घ्या ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कसा घेऊ?"

मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पत्र्यांच्या तुफानाच्या वर्षी इथे कर्फ्यू होता, विमानं बंद, दारं बंद. गावाचा फोन बरेच दिवस लागला नाही. तेव्हाच त्यांनी या जिन्यात हाक सुरू केली. एकट्यानेच. रोज सकाळी दारात उभं राहून ते ओरडायचे, "झुलेखा हाय!" कुणी उत्तर द्यायचं नाही. फोन लागला तेव्हा कळलं, गावातली हाक त्यांच्याच घरापाशी तुटली होती. वासा आणि पत्रे अंगावर घेऊन चाची पडल्या होत्या. बोलायला तोंडात श्वास नव्हता. हाक तुटली म्हणून कोळीवाड्यातली माणसं धावली आणि त्यांना ओढून काढलं. तेव्हापासून त्या एका पायाने लंगडतात.

"मी हय छातीठोक सांगत होतो, हाय हाय म्हणून," चाचा म्हणाले, "आणि ती थय पत्र्याखाली. खोटी हाक दिली मी, बाय. आता माहीत झाल्याबिगर नाय देणार."

जोसेफला सगळं कळलं नसेल, पण तो त्यांच्या शेजारी खाटेवर बसला. सय्यद झाडू भिंतीला लावून जमिनीवर बसला. मी चहा ठेवला, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. चाचांकडे कप एकच, म्हणून आन्सी वरून आणायला गेली. खाली आजींना कुणीतरी सांगितलं असावं, त्यांचं दुआ पुटपुटणं ऐकू येत होतं. मला फार भीती वाटत होती. लॅबमध्ये मी रोज माणसांचे चांगले-वाईट रिपोर्ट काढते, पण तो फोन वाजूही नये आणि वाजावाही, असं मला झालं होतं.

चहा उकळला आणि फोन वाजला. अनोळखी नंबर, कुण्या शेजाऱ्याचा. चाचांनी तो उचलला आणि जोसेफने स्पीकर लावला.

आधी नुसता वारा. मग एका बाईचा, धापा टाकणारा आणि चिडलेला आवाज.

"कवापासून लावतंय! खाली रेंज नाय. वर डोंगरावरचा सडा चढून आलंय मी, ह्या पायानं. पहिलाच आयकून घ्या, तुमचा तो मचव्याचा फास कुणाला सुटत नाय. सकाळपासून घराचा दार उघडत नव्हता. खिडकीतनं काढला मला!"

 चाचांनी दाढीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि दाढी ओली होतच राहिली. शेवटी त्यांनी विचारलं, "छप्पर?"

"छप्पर जाग्यावर हाय. गाठ ऱ्हायली."

आम्ही सगळे एकदम हसलो. न समजता सय्यदही हसला. आन्सी कप घेऊन दारात उभी राहून रडत होती आणि मीही तिच्यासोबत रडून घेतलं. एवढं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

चाचा ताडकन उठले. "हाक तुटलीय," ते गरजले. "तुटलेली चालत नाय. सगळे आपापल्या दारात! वरनं परत!"

आम्ही मुकाट्याने गेलो. सय्यद पोट सावरत तळाला पोचेपर्यंत थांबावं लागलं. मग वरून जोसेफचं "आन्सी हाय!" आलं, आणि तिसऱ्या मजल्यावर चाचा कठड्याशी आले. त्यांचा आवाज मी कित्येक वेळा ऐकला आहे, पण त्या दिवशीचा वेगळाच होता. "झुलेखा हाय!" सबंध जिना दणाणला.

फोन त्यांच्या हातात चालूच होता.

"काय चाललाय थय?" चाची विचारत होत्या.

"हाक चाललीय. माझ्या बिल्डिंगची."

 पलीकडे सड्यावरचा वारा तेवढा. मग त्या स्पीकरमधून, आख्ख्या समुद्रापलीकडून, असा आवाज आला की सई माझ्या मागे लपली.

"इस्माईल हाय!"

चाचा जागच्या जागी उभे राहिले. फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.  मला भान आलं की आता आमची पाळी आहे. मी तोंड उघडण्याआधीच सई कठड्याला धरून ओरडली, "मम्मा हाय! पप्पा हाय!" हाक पहिल्या मजल्यावर गेली, तिथे आजींनी नेहमीप्रमाणे जर्मनी, तुर्कस्तान आणि कॅनडातल्या सगळ्या नातवंडांची नावं घेतली. त्यांनाही चाचांचा 'कुठे ते विचारायचं नाही' हा नियम लागू आहे, त्यामुळे तिथे हाक नेहमीच रेंगाळते. शेवटी तळातून सय्यदचं "मौजूद!" आलं. त्याला गावचा कायदा कळत नाही, तो स्वतःचीच ग्वाही देतो, आणि चाचांनी ते त्याला माफ केलंय.

मी दार लावणार, तेवढ्यात वरून चाचांचा हलका आवाज कानावर आला. ते फोन अगदी तोंडाशी धरून बोलत होते.

"झुलेखा, आवाज तुटला मगाशी. रेंज गेली वाटतं. काय बोललीस, परत बोल."

आवाज काही तुटला नव्हता. चार मजल्यांनी लख्ख ऐकला होता.

"नाय," चाची म्हणाल्या. "तुफान सरला आता. आता कशाला नाव घेऊ तुमचा?"

चाचा कठड्याला टेकून हसत होते. मी दार लावून घेतलं.